अन्यायाचे दप्तर

श्रोतेहो, कागदाचे मोल शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. घरातली कणगी रिकामी असेल, पण पत्र्याच्या पेटीत खरेदीखत, सातबाराचा उतारा, सोसायटीची पावती हे सारे घडी घालून, फडक्यात बांधून ठेवलेले असते. बांधावरून तंटा उभा राहिला की आजोबांच्या वेळचा एक पिवळा पडलेला कागद दहा तोंडी साक्षींना भारी पडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

जमिनीचा कागद असा जपला जातो. पण माणसावर झालेल्या जुलमाचा कागद कोण जपतो? एखाद्याला चौकशीवाचून कोंडले, मारले, न केलेल्या गुन्ह्याची कबुली त्याच्याकडून घेतली, तर त्याची नोंद कोठे राहते? आणि जुलूम करणाराच दप्तराचा मालक असेल, तर ती नोंद टिकायची कशी? १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मान्य केला. कोणाचाही छळ होता कामा नये, हे त्यात स्वच्छ लिहिलेले आहे. पण हक्क जाहीर करणे वेगळे, आणि तो कोठे, केव्हा, कोणी मोडला याचा पुरावा सांभाळणे वेगळे. हे दुसरे काम फार थोड्यांनी केले. त्यांतल्या एका कामाची हकीकत आज सांगायची आहे. ती घडली दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझील देशात, १९७९ ते १९८५ या सहा वर्षांत.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. १९६४ साली ब्राझीलच्या लष्कराने तेथले लोकनियुक्त सरकार उलथून टाकले आणि पुढे २१ वर्षे, म्हणजे १९८५ पर्यंत, सेनापतींनी राज्य केले. डिसेंबर १९६८ मध्ये त्यांनी एक कठोर हुकूम काढला. त्या हुकमाने संसद बंद झाली. राजकीय कैद्याला न्यायाधीशापुढे उभा करा, असा आदेश कोर्टाकडून मिळवण्याचा जो जुना हक्क असतो, तोही गेला. मग विद्यार्थी, कामगार, वकील, पत्रकार, पाद्री, ज्याच्यावर संशय येई त्याला उचलून नेत. कोठे नेले हे घरच्यांना कित्येक आठवडे कळत नसे. कोठडीत विजेचे झटके देत, उलटे टांगून मारत, आणि अखेर कबुलीजबाबावर सही घेत.

आता येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात घ्या. हे लष्करी सरकार जुलमी होते, पण त्याला कायद्याच्या देखाव्याची फार हौस होती. राजकीय कैद्यांवर लष्करी न्यायालयात रीतसर खटले चालत. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात वाचला जाई. अशा वेळी काही आरोपी उभे राहत आणि म्हणत, ‘ही सही माझी आहे, पण ती माझ्याकडून कशी घेतली ते ऐका.’ मग अमुक तारखेला, अमुक इमारतीत, अमुक नावाच्या अधिकाऱ्याने काय केले, हे ते सांगत. न्यायाधीश बहुधा त्यावर काही करत नसत. पण कारकून लिहून घेत असे, कारण आरोपीची जबानी लिहून घेणे हे त्याचे कामच होते! ते कागद फाइलीत जात, आणि वरच्या कोर्टात अपील झाले की ती फाइल राजधानी ब्राझिलियातल्या सर्वोच्च लष्करी न्यायालयाच्या दप्तरखान्यात जाऊन पडे. अशा रीतीने वर्षानुवर्षे सरकारच्याच कपाटात सरकारच्याच शिक्क्याखाली सरकारविरुद्धचा पुरावा साठत गेला. त्याचे मोल ना सेनापतींना कळले, ना कारकुनांना.

ऑगस्ट १९७९ मध्ये सरकारने राजकीय गुन्हेगारांना माफी देणारा कायदा केला. त्या कायद्याचा लाभ आपल्या अशिलाला मिळवून द्यायचा, तर वकिलाला जुनी फाइल पाहणे भाग होते. म्हणून वकिलांना दप्तरखान्यातून फाइल २४ तासांपुरती नेण्याची मुभा होती. दुसऱ्या दिवशी ती परत केली पाहिजे, एवढीच अट.

एनी रायमुंडो मोरेइरा नावाच्या एका महिला वकिलाच्या मनात आले की, २४ तास पुरेसे आहेत. एवढ्या वेळात सबंध फाइलीची नक्कल निघू शकते. आणि ती आताच काढली पाहिजे, कारण राज्य बदलायची चाहूल लागली की पहिली काडी दप्तराला लागते.

ही भीती पोकळ नव्हती. ब्राझीलच्या इतिहासात तसे पूर्वी घडले होते. तेथे गुलामगिरीची चाल १८८८ साली कायद्याने बंद झाली. त्यानंतर जुने मालक सरकारकडे नुकसानभरपाई मागू लागले. तेव्हाचे अर्थमंत्री रुई बार्बोझा हे स्वतः गुलामगिरीचे विरोधक होते. त्यांनी डिसेंबर १८९० मध्ये हुकूम काढला की, गुलामांच्या मालकीची सरकारी दप्तरे जाळून टाका. मालकांच्या हाती पुरावा राहू नये, हा एक हेतू होता असे इतिहासकार सांगतात. हेतू चांगला म्हणावा असाच. पण परिणाम काय झाला? सगळी दप्तरे जळाली नाहीत, तरी जी जळाली त्यांच्याबरोबर आपला पणजोबा कोण, कोठून आला, कोणी त्याला राबवले, हे शोधण्याचा नातवंडांचा मार्गही जळाला. मालकाचा दावा बुडवायला गेले, आणि त्याबरोबर गुलामाची ओळखही बुडाली. भल्या हेतूने का होईना, दप्तराला आग लावली की ती निवडून जाळत नाही.

तर मोरेइरा बाईंची कल्पना दोन धर्मगुरूंपर्यंत पोचली. एक होते साओ पाउलो शहराचे कॅथलिक आर्चबिशप, कार्डिनल पाउलो एव्हारिस्तो आर्न्स. दुसरे होते जाइमे राइट, प्रोटेस्टंट पंथाचे पाद्री. राइट यांचे सख्खे भाऊ पाउलो १९७३ मध्ये लष्कराच्या हाती सापडले आणि त्यानंतर ते कोणाला दिसले नाहीत. पैसा आला जिनिव्हातल्या जागतिक चर्च परिषदेकडून. ही परिषद कॅथलिकांची नव्हे. म्हणजे पैसा एका पंथाचा आणि आसरा दुसऱ्या पंथाचा. वर्षानुवर्षे परस्परांपासून अंतर राखून असलेले हे दोन पंथ एका दप्तरासाठी जवळ आले.

काम कसे चाले ते पाहा. ब्राझिलियात नकला काढण्याची तीन यंत्रे भाड्याने घेतली. वकील आपापल्या अशिलांच्या नावाने फायली काढून आणत. यंत्रे सुट्टीचा दिवस न पाळता रोज दहा-दहा तास चालत. दुसऱ्या दिवशी मूळ फाइल जशीच्या तशी परत जाई. एकही पान हरवून चालणार नव्हते, कारण एका पानाने संशय आला असता आणि सगळे काम बुडाले असते. नकला सुमारे हजार किलोमीटर दूर साओ पाउलोला जात. तेथे त्यांच्या सूक्ष्म फिल्मा केल्या जात आणि त्या गुपचूप देशाबाहेर पाठवल्या जात. घरात आग लागली, धाड पडली, तरी एक प्रत दूर सुरक्षित राहावी, हा हिशेब.

असे होता होता ७०७ खटल्यांची संपूर्ण कागदपत्रे हाती आली. पानांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. त्यांत ७,३६७ आरोपींची नावे होती. त्यांपैकी अठराशेहून अधिक जणांनी भर कोर्टात आपल्या छळाची हकीकत सांगितलेली आढळली, म्हणजे साधारण चौघांत एकाने. उरलेल्या तिघांचा छळ झाला नाही, असा याचा अर्थ नव्हे. कोर्टातून पुन्हा त्याच कोठडीत जायचे आहे हे माहीत असताना तोंड उघडायला केवढी छाती लागत असेल, याचा विचार करा.

या मंडळींनी आणखी एक शहाणपणाचा निर्णय घेतला, आणि माझ्या मते सगळ्या कामाचे मर्म त्यात आहे. देशात छळ सोसलेली हजारो माणसे हयात होती. त्यांच्याकडे जाऊन नव्या जबान्या घेता आल्या असत्या. त्या अधिक हृदयद्रावक झाल्या असत्या. पण तसे केले नाही. फक्त लष्करी न्यायालयाच्या दप्तरात जे आहे तेच घ्यायचे, असे ठरले. कारण नवी जबानी घेतली तर सरकार म्हणणार, हे शत्रूंनी रचलेले कुभांड. कोर्टाच्या स्वतःच्या कागदाला खोटे कसे म्हणणार? त्यावर न्यायाधीशाची सही आहे, तारीख आहे, शिक्का आहे.

आपल्याकडची एक आठवण येथे ताजी करावीशी वाटते. १९१९ साली जालियनवाला बागेतल्या गोळीबारानंतर आणि पंजाबातल्या लष्करी कायद्यानंतर काँग्रेसच्या वतीने एक चौकशी झाली. चौकशी करणारांत गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. त्यांच्या हाती सरकारी दप्तर नव्हते. म्हणून त्यांनी गावोगावच्या माणसांच्या जबान्या घेतल्या. सतराशेहून अधिक साक्षीदारांची निवेदने तपासली आणि त्यांतली सुमारे साडेसहाशेच निवडून १९२० च्या अहवालाबरोबर छापली. जे पडताळ्याला उतरले नाही त्याचा मोह धरला नाही. पंजाबातला मार्ग वेगळा, ब्राझीलमधला वेगळा. पण दोन्हीकडे कसोटी एकच. अन्याय झालेल्याची बाजू घ्यायची, तर त्याच्या तोंडी अतिशयोक्तीचा एक शब्दही येऊ द्यायचा नाही. एक खोटी जबानी शंभर खऱ्या जबान्यांना बुडवते.

मार्च १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये नागरी सरकार आले. त्यानंतर चारच महिन्यांनी, १५ जुलै १९८५ रोजी, दुकानांतून एक पुस्तक दिसू लागले. नाव होते ‘ब्राझील : नुंका माइस’, म्हणजे ‘ब्राझील : पुन्हा कधीही नाही’. बारा खंडांच्या, सुमारे सात हजार पानांच्या मोठ्या अहवालाचा तो सारांश होता. ना आगाऊ जाहिरात, ना सभा. सरकारला कळायच्या आत पुस्तक लोकांच्या हाती पोचले होते आणि झपाट्याने खपत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोर्टाच्या कागदांत छळ करणारे म्हणून ज्यांचा उल्लेख आला होता, अशा ४४४ जणांची यादीही प्रसिद्ध झाली.

आता तुम्ही विचाराल, मग त्या ४४४ जणांना शिक्षा झाली का? नाही झाली. १९७९ च्या ज्या माफीच्या कायद्याने कैदी सुटले, त्याच कायद्याच्या कलमांत छळ करणारेही दडून सुटले. २०१० मध्ये ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा कायम ठेवला. हे कटू आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दप्तर जपले म्हणजे न्याय मिळतोच, असे मी सांगणार नाही.

मग दप्तराने काय मिळवले? असे काही घडलेच नव्हते, असे म्हणण्याची सोय त्याने काढून घेतली. १९९५ साली सरकारने कायदा करून बेपत्ता माणसांचा मृत्यू मान्य केला आणि त्यांच्या घरच्यांना भरपाई देऊ केली. ज्या घरी वीस-वीस वर्षे नवरा मेला की आहे हेही ठाऊक नव्हते, तेथे मृत्यूचा दाखला म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ आली तोच जाणे. २०१२ मध्ये राष्ट्रीय सत्यशोधन आयोग बसला. त्याने १० डिसेंबर २०१४ रोजी, मानवी हक्क दिनालाच, अहवाल दिला आणि मृत व बेपत्ता मिळून ४३४ जणांची नावानिशी नोंद केली. घटना घडून पन्नास वर्षे होत आली होती. साक्षीदार वारले होते. कागद होता.

पण श्रोतेहो, या दप्तराची एक उणीव आहे, आणि ती आपल्यासारख्या खेड्यापाड्यांतल्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावी. फाइल कोणाची झाली? ज्याच्यावर खटला भरला त्याची. बहुतेक शहरातली, लिहिता-वाचता येणारी, वकील मिळू शकणारी माणसे. जंगलात, मळ्यात, नदीकाठच्या वस्तीवर ज्याला मारले, त्याच्यावर खटला कोण भरणार? त्याचा कागदच झाला नाही, मग त्याची नक्कल कोठून निघणार? सत्यशोधन आयोगाने पुढे आदिवासींचा विचार केला, तेव्हा तपासलेल्या थोड्याशाच जमातींमध्ये किमान ८,३५० आदिवासी बळी गेल्याचा अंदाज निघाला. कोठे ४३४ नावे, आणि कोठे हा आकडा! एकाला नाव मिळाले, दुसऱ्याला नुसती बेरीज.

त्यातही एक कागद होता, आणि त्याची कथा ऐकण्याजोगी आहे. १९६७ च्या सुमारास जादेर दि फिगेरेदो नावाच्या सरकारी वकिलाने आदिवासी रक्षण खात्यातल्याच लोकांनी आदिवासींवर केलेल्या अत्याचारांची चौकशी केली होती. सात हजारांवर पानांचे ते दप्तर सरकारी कचेरीतल्या आगीत जळाले, असाच सर्वांचा समज होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी ते रिओ दि जानेरो शहरातल्या आदिवासी संग्रहालयाच्या खोक्यांत सापडले, आणि २०१३ मध्ये जगाला कळले. कागद होता, पण कोठे आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. म्हणजे तो असून नसल्यासारखाच. दप्तर नुसते ठेवणे म्हणजे जतन नव्हे. त्याची यादी हवी, आणि ती यादी शोधणाऱ्याला मिळाली पाहिजे.

मघाशी बाहेरदेशी गेलेल्या फिल्मांचे सांगितले. त्यांचा एक संच अमेरिकेत शिकागो शहरातल्या एका ग्रंथालय-केंद्रात कित्येक वर्षे नीट ठेवलेला होता. देशातल्या नकला १९८७ साली कांपिनास विद्यापीठाला दिल्या गेल्या. जून २०११ मध्ये बाहेरचा संच समारंभपूर्वक मायदेशी परत आला आणि २०१३ पासून ही सारी पाने संगणकावर कोणालाही वाचता येऊ लागली. जे कागद एका रात्रीत परत करण्याच्या धावपळीत उतरवले गेले, ते आज तेथला शाळकरी मुलगाही घरबसल्या उघडून पाहू शकतो.

आता आपल्याकडे वळू. या हकीकतीतून शिक्षकांनी आणि गावातल्या जाणत्या मंडळींनी काय घ्यावे? पहिली गोष्ट, त्या वकिलांनी कुलूप फोडले नाही. जो हक्क कायद्याने दिला होता तोच पुरेपूर वापरला. आपल्याकडे २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. सरकारी कागदाची नक्कल मागण्याचा हक्क साध्या नागरिकाला मिळाला. हक्क वापरला तर धारदार राहतो, नाही तर गंजतो.

दुसरी गोष्ट, नोंद त्याच वेळी करावी. गावात कोणाला पाणवठ्यावर अडवले, कोणा मजुराला वेठीला धरले, कोणाला चौकीत मारले, तर चर्चा महिनाभर चालते, पण लिहून कोणी ठेवत नाही. वर्षाने विचारावे तर तारीख कोणाला आठवत नाही. कोण, केव्हा, कोठे, कोणासमोर, एवढे चार प्रश्न घ्या आणि उत्तरे साध्या भाषेत लिहा. डोळ्यांनी पाहिलेले वेगळे लिहा, ऐकीव वेगळे लिहा. ज्याची हकीकत आहे त्याला ती वाचून दाखवा, आणि त्याच्या संमतीवाचून त्याचे नाव बाहेर देऊ नका. ब्राझीलमध्ये सहा वर्षे सर्वांनी तोंड मिटून ठेवले होते, ते उगाच नव्हे. पुरावा जपताना माणूस उघडा पडता कामा नये.

तिसरी गोष्ट, एक प्रत म्हणजे प्रतच नव्हे. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला की आपल्याला वाटते झाले. पण फोन हरवला की दप्तरही हरवले. एक प्रत गावात, एक दुसऱ्या गावच्या विश्वासू माणसाकडे, एक एखाद्या ग्रंथालयात वा संस्थेत असावी. आणि प्रत्येक गठ्ठ्यावर आत काय आहे ते लिहिलेले असावे. आमच्या इतिहासाच्या धंद्यात जुन्या कागदांचे गठ्ठे कापडी रुमालांत बांधून ठेवतात. चिठ्ठी नसलेला रुमाल उघडणाऱ्याची काय दशा होते, हे या धंद्यातल्या माणसालाच विचारा.

शेवटी एक विचार. इतिहास राजांचा असतो, असे मुलांना वाटते, कारण राजांनी आपले कागद लिहवून घेतले आणि जपले. सामान्य माणसाचे दुःख इतिहासात येत नाही याचे कारण ते लहान असते असे नाही. ते कोणी लिहिलेले नसते, आणि लिहिले तर कोणी सांभाळलेले नसते. मास्तरांनी वर्गात हे जरूर सांगावे. आपल्या वस्तीवर अक्षर जाणणारा एक माणूस असेल आणि त्याच्यापाशी एक कोरी वही असेल, तर तेथला अन्याय निदान निनावी राहणार नाही. ती वही आज उपयोगी पडेलच असे नाही. कदाचित वीस वर्षांनी पडेल, कदाचित पन्नास. तोवर तिला वाळवीपासून आणि आगीपासून जपले पाहिजे.